स्थिर आणि स्वच्छ : हॅम रेडिओतल्या ऑसिलेटरचा मागोवा

संध्याकाळी सात मेगाहर्ट्झचा बँड गच्च भरलेला असतो. हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, त्याला ‘फॉर्टी मीटर’ म्हणतात. भारतात त्यांच्या वाट्याला ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ एवढीच पट्टी आली आहे आणि एका संभाषणाला साधारण अडीच किलोहर्ट्झ लागतात. समजा, आपण दूरच्या एका क्षीण स्टेशनला कान लावून बसलो आहोत आणि पाच किलोहर्ट्झ पलीकडे एक दणदणीत स्टेशन बोलू लागले. सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरवर ते नऊच्या वर चाळीस डेसिबल दाखवते. आपले स्टेशन त्याच्या ८० डेसिबल खाली आहे, म्हणजे शक्तीच्या हिशेबात दहा कोटी पटींनी लहान. रिसीव्हरचा फिल्टर उत्तम आहे, शेजाऱ्याचा एक शब्दही आत येत नाही. तरी तो बोलू लागला की आपले स्टेशन खरखरीत बुडते आणि तो थांबला की पुन्हा वर येते.

अशा वेळी शेजाऱ्याला बोल लावला जातो. त्याचा ट्रान्समीटर खराब असेलही, पण पुष्कळदा खोट आपल्याच रिसीव्हरमध्ये असते. येणारा सिग्नल एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणण्यासाठी रिसीव्हर तो आतल्या ऑसिलेटरच्या सिग्नलमध्ये मिसळतो. हा ऑसिलेटर कागदावर एक बारीक रेघ असतो. प्रत्यक्षात त्याची आवर्तने किंचित मागेपुढे होत राहतात, त्यामुळे रेघेच्या दोन्ही अंगांना नॉइजचा घोळ पसरतो. यालाच फेज नॉइज म्हणतात. शेजारचा ताकदवान सिग्नल या घोळात मिसळला की तयार होणारी खरखर नेमकी आपल्या फिल्टरमध्ये येऊन पडते. या प्रकाराला ‘रेसिप्रोकल मिक्सिंग’ असे नाव आहे.

आकडे मांडले की गोष्ट उघड होते. शेजारी उणे ३३ डीबीएमवर (म्हणजे एक मिलिवॅटच्या ३३ डेसिबल खाली), आपले स्टेशन उणे ११३ वर. पाच किलोहर्ट्झ अंतरावर ऑसिलेटरचा नॉइज दर हर्ट्झला उणे १०० डेसिबल असेल, तर बोलण्याच्या पट्टीभरातला नॉइज त्यापेक्षा ३४ डेसिबलने वाढतो आणि खरखर उणे ९९ डीबीएमला पोहोचते. आपले स्टेशन तिच्याखाली १४ डेसिबल गाडले जाते. तोच ऑसिलेटर उणे १३० चा असेल, तर तेच स्टेशन खरखरीच्या वर १६ डेसिबल राहते. अँटेना, फिल्टर आणि कान तेच असताना एवढा फरक पडतो.

असे असूनही साठ-सत्तर वर्षे ऑसिलेटरबद्दल हॅम मंडळींनी एकच प्रश्न विचारला : तो जागेवर राहतो का? तो स्वच्छ आहे का, हा प्रश्न फार उशिरा पुढे आला. स्थिर राहणे आणि स्वच्छ असणे हे दोन वेगळे गुण आहेत आणि एक मिळवताना दुसरा हातचा जाऊ शकतो. या शतकभराच्या वाटचालीतून मला हाच धडा दिसतो.

ठिणगीचा काळ

सुरुवातीला ऑसिलेटर नव्हताच. ठिणगी उडाली की अँटेनाच्या सर्किटमध्ये लाट उसळायची आणि काही आवर्तनांत विरायची. पुढची ठिणगी नव्याने सुरुवात करायची, आधीच्या लाटेशी तिचा काही संबंध नसायचा. असा सिग्नल एका जागी राहत नाही, तो डायलभर पसरतो.

टायटॅनिक बुडाल्यानंतर काही महिन्यांतच, १९१२ साली, अमेरिकेने रेडिओचा कायदा केला. हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याखालच्या लहरींवर ढकलणारा म्हणून तो हॅम इतिहासात ओळखला जातो. त्याच कायद्यात लाट ‘शुद्ध’ आणि ‘तीक्ष्ण’ असावी अशा दोन स्वतंत्र अटी होत्या. पहिलीनुसार शक्ती दोन लहरींवर वाटली गेली, तर दुय्यम लहरीत मुख्य लहरीच्या एक दशांशाहून जास्त शक्ती नको. दुसरीनुसार लाटेचा ऱ्हासांक ०.२ पेक्षा जास्त नको, म्हणजे दर आवर्तनाला लाट १८ टक्क्यांनी खचली तरी कायद्याला चालत असे. आजच्या मापाने ही सवलत अफाट आहे. पण आपल्या लाटेचा पसारा हा शेजाऱ्याच्या हक्काचा प्रश्न आहे, हे कायद्याने तेव्हाच मान्य केले होते.

व्हॉल्व्ह : अखंड लाट

ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये ऑडिऑन व्हॉल्व्ह केला, पण त्यात किती दम आहे हे दाखवले दुसऱ्यांनी. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या एडविन आर्मस्ट्राँगने १९१२ मध्ये व्हॉल्व्हमधून बाहेर पडणारा सिग्नल पुन्हा आत फिरवला. आवाज कैक पटींनी वाढला आणि फीडबॅक आणखी वाढवला तर व्हॉल्व्ह स्वतःच लहरी निर्माण करू लागला. जर्मनीत अलेक्झांडर माइसनरने १९१३ मध्ये तेच साधले. पुढे १९१५ मध्ये राल्फ हार्टलेने कॉइलला मधून टॅप काढला आणि १९१८ मध्ये एडविन कॉलपिट्सने दोन कंडेन्सरच्या मधून. आजही हॅम परीक्षेच्या पुस्तकात हीच दोन नावे शेजारी-शेजारी भेटतात.

आर्मस्ट्राँगने १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धात पॅरिसला अमेरिकी सैन्यात असताना, सुपरहेटरोडाइन रिसीव्हरची रचना केली. येणारा सिग्नल आतल्या ऑसिलेटरशी मिसळून ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणायचा, ही कल्पना तिथली. तोवर ऑसिलेटर हा मुख्यतः ट्रान्समीटरचा भाग होता, आता तो रिसीव्हरच्या गाभ्यात शिरला. त्याच्यातला प्रत्येक दोष यापुढे ऐकू येणाऱ्या प्रत्येक स्टेशनवर उमटणार होता.

डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हा अमेरिकी हॅम स्कॉटलंडमधल्या अर्ड्रॉसन गावी सुपरहेटरोडाइन घेऊन बसला आणि त्याने कनेक्टिकटमधल्या ग्रीनिच येथून आलेला ‘वन बीसीजी’ हा सिग्नल पकडला. ते स्टेशन व्हॉल्व्हवर चालणारे होते आणि उभारणाऱ्यांत खुद्द आर्मस्ट्राँग होता. त्या चाचण्यांनंतर ठिणगीची बाजू घेणे अवघड झाले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधल्या नीसच्या लेऑं दलॉयशी अमेरिकेतल्या फ्रेड श्नेल आणि जॉन राइनार्ट्झ यांनी ११० मीटरच्या आसपास दुतर्फा संपर्क साधला आणि हौशी लोकांसाठी अटलांटिक ओलांडला गेला.

अखंड लाट आली, पण ती कितपत नेटकी होती? साध्या ट्रान्समीटरमध्ये ऑसिलेटर थेट अँटेनाला जोडलेला असे. वाऱ्याने तार हलली की फ्रिक्वेन्सी हले. मोर्स की दाबली की व्होल्टेज खाली येई आणि टोन चिवचिवत सरके. पुरवठ्यातला एसी नीट गाळलेला नसेल, तर टोनमध्ये घरघर येई. हे सगळे दोष कानाला थेट ऐकू येत आणि ऐकू येणाऱ्या दोषावर माणूस लवकर इलाज करतो.

क्वार्ट्झ

इलाज दगडात सापडला. ज्याक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवले होते की क्वार्ट्झसारखे काही स्फटिक दाबले की त्यांवर विद्युतभार येतो. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँने पाणबुड्यांच्या शोधासाठी क्वार्ट्झ वापरला. त्या कामात रस घेतलेले वॉल्टर कॅडी कनेक्टिकटच्या वेस्लियन विद्यापीठात स्फटिकाच्या अनुनादाचा अभ्यास करत होते. १९२१ मध्ये त्यांनी क्वार्ट्झच्या ताब्यात चालणारा ऑसिलेटर उभा केला. हार्वर्डच्या जॉर्ज वॉशिंग्टन पिअर्सनी दोनच वर्षांत तो एका व्हॉल्व्हच्या सुटसुटीत सर्किटमध्ये बसवला.

क्वार्ट्झची ताकद त्याच्या ‘क्यू’मध्ये आहे. दर आवर्तनाला साठवलेल्या ऊर्जेपैकी किती वाया जाते, याचे ते माप. चांगल्या कॉइलचा क्यू शंभरपासून तीनशेपर्यंत जातो, क्वार्ट्झचा हजारोंत, कधी लाखांत. क्यू जेवढा मोठा, तेवढा ऑसिलेटर आपली जागा सोडायला नाखूश.

१९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेने हौशी बँड आखडले आणि १९२९ पासून ते अमलात आले. अरुंद जागेत जास्त स्टेशने बसवायची, तर भटकता ऑसिलेटर परवडणारा नव्हता. १९३४ मध्ये आर्थर ब्राटेन या हॅमने आरएसटी ही पद्धत सुचवली : बोलणे किती कळते, सिग्नल किती ताकदीचा आणि टोन किती स्वच्छ. टोनला १ ते ९ गुण. १ म्हणजे घरघरता, पसरट टोन आणि ९ म्हणजे निर्दोष. क्रिस्टलसारखा स्थिर असेल, तर पुढे ‘एक्स’ हे अक्षर. मला वाटते, हौशी लोकांनी आपसांत शुद्धता मोजण्याची ही पहिली शिस्तशीर पद्धत होती. तिचे उपकरण होते कान, म्हणून कानाला कळेल तेवढेच ती मोजू शकत होती. टोनला नऊ गुण मिळवणारा ऑसिलेटर पाच किलोहर्ट्झ पलीकडे काय पसरवतो, हे तिच्या आवाक्यात नव्हते.

त्याच १९३४ मध्ये बेल लॅब्सने क्वार्ट्झ सुमारे ३५ अंश १५ मिनिटांच्या कोनात कापण्याची ‘एटी कट’ पद्धत प्रसिद्ध केली. त्या कोनात तापमानाचा परिणाम खोलीच्या तापमानाजवळ जवळजवळ नाहीसा होतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याचे रेडिओ क्रिस्टलवर चालू लागले, ब्राझीलचा क्वार्ट्झ जहाजांनी आणला गेला आणि युद्ध संपल्यावर उरलेले क्रिस्टल हौशी लोकांच्या हाती स्वस्तात पडले.

त्यातला ‘एफटी-२४३’ हा होल्डर जुन्या हॅमला डोळे मिटून ओळखता येईल. बेकलाइटची छोटी डबी, खाली दोन पिना, वर स्क्रूने बसवलेले झाकण. आत स्प्रिंग, धातूच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये क्वार्ट्झची चौकोनी चकती. सात मेगाहर्ट्झची चकती पाव मिलिमीटरहून किंचित पातळ असते. हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा क्रिस्टल मिळाला नाही, तर लोक चकती बाहेर काढत. सपाट काचेवर पाण्यात कालवलेली बारीक कार्बोरंडमची पूड पसरायची, चकतीवर एका बोटाचा हलका दाब द्यायचा आणि इंग्रजी आठच्या आकारात फिरवत घासायचे. मग साबणाने धुऊन, कोरडी करून, कडांना धरून परत डबीत ठेवायची आणि रिसीव्हरवर ऐकायचे. सात मेगाहर्ट्झवर एक किलोहर्ट्झ वर सरकायचे, तर फक्त ३४ नॅनोमीटर जाडी उतरवावी लागते. जास्त घासले गेले, तर परतीची वाट नाही. पेन्सिलीचे शिसे चकतीवर चोळून थोडे खाली येता येई, एवढाच दिलासा.

हे क्रिस्टल स्थिर होते आणि स्वच्छही होते. दोन्ही गुण एकाच दगडात आल्यामुळे ते दोन आहेत, हे कोणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते. त्याची उणीव वेगळीच होती : एक क्रिस्टल म्हणजे एकच फ्रिक्वेन्सी. दुसरीकडे जायचे असेल, तर डबी उपटून दुसरी खोचायची.

हाताने फिरणारा ऑसिलेटर

युद्धानंतर हॅमला डायल हवा होता. कॉइल आणि कंडेन्सरचा व्हीएफओ, म्हणजे फ्रिक्वेन्सी फिरवता येणारा ऑसिलेटर, परत आला, पण या वेळी मेहनत घेऊन. जनरल रेडिओ कंपनीच्या जेम्स क्लॅपने १९४८ मध्ये कॉलपिट्सच्या सर्किटमध्ये एक कंडेन्सर कॉइलबरोबर सिरीजमध्ये घातला आणि व्हॉल्व्हचा प्रभाव कॉइलपासून दूर ठेवला. चेकोस्लोव्हाकियात यिर्झी व्हाकार्झने आपली रचना मांडली. आयोवातल्या सीडर रॅपिड्सच्या आर्थर कॉलिन्सने कंडेन्सर फिरवण्याऐवजी कॉइलच्या आत लोखंडी पावडरचा गाभा सरकवण्याचा मार्ग घेतला आणि डायलवर समान अंतरावर समान किलोहर्ट्झ पडतील अशी ती कॉइल गुंडाळली. १९५७ चा केडब्ल्यूएम-१ आणि १९५८ ची एस-लाइन यांचा कणा हाच ऑसिलेटर होता.

या पिढीची युक्ती विचारात घेण्यासारखी आहे. फिरता ऑसिलेटर खालच्या फ्रिक्वेन्सीवर ठेवायचा, जिथे तो कमी भटकतो आणि वर न्यायचे काम क्रिस्टलकडून करून घ्यायचे. घरी बांधणाऱ्यांचा लाडका हिशेब होता ५ ते ५.५ मेगाहर्ट्झचा व्हीएफओ आणि ९ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल फिल्टर. बेरीज केली की वीस मीटरचा बँड, वजाबाकी केली की ऐंशी मीटरचा. गुणाकार टाळल्याचा फायदा मोठा होता, कारण फ्रिक्वेन्सी दुप्पट केली की फेज नॉइज ६ डेसिबलने वाढतो.

असा व्हीएफओ बांधणे ही कारागिरी होती. जाड पत्र्याचा डबा, दोन्ही टोकांना बेअरिंग असलेला गँग कंडेन्सर, मायकाचे किंवा तापमानाने न हलणारे सिरॅमिक कंडेन्सर, घट्ट गुंडाळलेली कॉइल आणि रेग्युलेटेड व्होल्टेज. एवढे करूनही सेट तापेपर्यंत फ्रिक्वेन्सी सरकत राही आणि दर काही मिनिटांनी डायलला हात लावावा लागे. हॅम त्याला ‘ड्रिफ्ट’ म्हणत आणि त्याच्यावर रागावत. पण काही किलोहर्ट्झ पलीकडे त्याची रेघ अतिशय स्वच्छ होती, कारण कॉइलचा क्यू चांगला होता आणि व्हॉल्व्हच्या सर्किटमध्ये सिग्नल दणकट होता. तो गुण कोणी मोजत नव्हते, म्हणून त्याची किंमतही कोणाला ठाऊक नव्हती.

दोन पानांचे सूत्र

किंमत ठरली रडारच्या कामात. विमानातल्या डॉप्लर रडारला जमिनीवरून येणाऱ्या प्रचंड प्रतिध्वनीच्या अगदी शेजारी हलत्या वस्तूचा क्षीण प्रतिध्वनी शोधायचा असतो. फॉर्टी मीटरवरच्या हॅमची अडचण ती हीच, फक्त पैसा आणि निकड जास्त. १९६४ मध्ये ‘आयईईई’ आणि ‘नासा’ यांनी अल्पकालीन स्थिरतेवर परिसंवाद घेतला आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द आयईईई’चा विशेषांक निघाला. त्यात डेव्हिड लीसन यांचे दोन पानांचे टिपण होते. लीसन स्वतः हॅम, ‘डब्ल्यू सिक्स एनएल’ या कॉलसाइनने स्पर्धांत उतरणारे.

त्या टिपणाचे सार झोपाळ्यावर समजते. झोपाळा चालू ठेवायचा, तर प्रत्येक झोक्याला थोडा धक्का द्यावा लागतो. हलका, कुरकुरत्या कड्यांचा झोपाळा असेल, तर हर झोक्याला जोर लावावा लागतो आणि हाताची प्रत्येक चूक त्याच्या लयीत उतरते. जड फळीचा, तेल घातलेल्या कड्यांचा झोपाळा एकदा चालू झाला की नुसता स्पर्श पुरतो आणि हात चुकला तरी लय ढळत नाही. ऑसिलेटरमध्ये हात म्हणजे ट्रान्झिस्टर किंवा व्हॉल्व्ह, त्याची चूक म्हणजे उष्णतेने होणारा नॉइज आणि फळीचे वजन म्हणजे क्यू. लीसन यांच्या सूत्रानुसार क्यू दुप्पट केला की फेज नॉइज ६ डेसिबलने उतरतो. ऑसिलेटरमधली शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबलने. आणि मूळ रेघेपासून दहापट दूर गेले की नॉइज २० डेसिबलने कमी होतो, रेघेच्या अगदी जवळ ३० डेसिबलने. क्रिस्टल का जिंकतो, मोठ्या सिग्नलचा व्हॉल्व्ह व्हीएफओ का स्वच्छ असतो, हे सारे या ओळींत आले.

सूत्र १९६६ चे, तरी हॅम बाजारात त्याची गरज पटायला पुढची पंधरा-वीस वर्षे गेली.

सिंथेसायझरची सोय

१९७० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९८० च्या दशकात हॅमच्या टेबलावर फेज लॉक लूपचे, म्हणजे पीएलएलचे, सिंथेसायझर आले. मूळ कल्पना फ्रान्सच्या आंरी द बेलसिझची, १९३२ सालची. डायोडवरच्या व्होल्टेजने फिरणारा ऑसिलेटर घ्यायचा, त्याची फ्रिक्वेन्सी डिजिटल सर्किटने भागायची, भागाकार क्रिस्टलशी ताडून पाहायचा आणि चूक दिसेल तसे व्होल्टेज सुधारायचे. आकड्यांचा डायल, मेमरी, सगळे शॉर्टवेव्ह बँड एका सेटमध्ये आणि १९७९ च्या जागतिक परिषदेने दिलेले १०, १८ आणि २४ मेगाहर्ट्झचे नवे बँडही त्यात. ड्रिफ्ट गेला. तासभर सेट चालू ठेवला तरी आकडा हलत नसे.

आणि बँड गढूळ झाला. कारणे तीन होती. पहिले, या सेटमध्ये सिग्नल आधी ४५ ते ७० मेगाहर्ट्झपर्यंत वर नेला जाई, म्हणून ऑसिलेटरही तितक्याच वरच्या फ्रिक्वेन्सीवर चालवावा लागे. दुसरे, एकाच ऑसिलेटरने मोठा पल्ला गाठायचा, तर व्होल्टेजने फिरवणारा तो डायोड, म्हणजे व्हॅरॅक्टर, त्याला घट्ट जोडावा लागे. त्यामुळे क्यू पडे आणि नियंत्रणाच्या तारेवरचा सूक्ष्म व्होल्टेज नॉइजही फ्रिक्वेन्सी हलवू लागे. तिसरे कारण हिशेबाचे. ७० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर एक किलोहर्ट्झच्या संदर्भाशी बांधला, तर भागाकार सत्तर हजारांचा होतो आणि लूपच्या पट्टीत संदर्भाचा नॉइज ९७ डेसिबलने वर चढतो. म्हणून कंपन्या दोन-तीन लूप गुंफत आणि प्रत्येक लूप आपली भर घाली.

जुना व्हीएफओ सरकणारा पण स्वच्छ होता. नवा सिंथेसायझर स्थिर होता पण घोळदार. स्थिर आकडा डोळ्यांना दिसतो आणि जाहिरातीत छापता येतो. पाच किलोहर्ट्झ पलीकडचा नॉइज दिसत नाही, म्हणून सौदा एकतर्फी झाला. स्पर्धेच्या शनिवार-रविवारी ताकदवान स्टेशनांच्या गर्दीत बसणाऱ्यांना तो पहिल्यांदा जाणवला. वेस हेवर्ड यांनी १९७५ मध्येच ‘क्यूएसटी’ मासिकात रिसीव्हरची डायनॅमिक रेंज कशी मोजायची हे लिहिले होते, रॉब शेरवुड रिसीव्हर मोजून तुलना करत होते, उलरिश रोडे सिंथेसायझरचा नॉइज कसा उतरवावा हे सांगत होते. १९८८ मध्ये जॉन ग्रेबेनकेम्पर यांनी ‘क्यूएसटी’त फेज नॉइज आणि हॅमच्या संपर्कावर होणारा परिणाम दोन भागांत समजावला. हळूहळू सेटच्या परीक्षणात त्याचे आलेख छापून येऊ लागले आणि छापून येऊ लागल्यावर कंपन्यांनी ऑसिलेटर सुधारले.

हे मोजमाप घरीही जमते. साधा क्रिस्टल ऑसिलेटर बॅटरीवर, धातूच्या बंद डबीत बांधायचा. क्रिस्टल स्वतः स्वच्छ असल्यामुळे ऐकू येणारा नॉइज रिसीव्हरचाच, याची त्यामुळे खात्री राहते. त्याचा सिग्नल पायऱ्यांच्या अटेन्युएटरमधून रिसीव्हरला द्यायचा, रिसीव्हरचा एजीसी, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारे सर्किट, बंद करायचा, डायल पाच किलोहर्ट्झ बाजूला न्यायचा आणि स्पीकरच्या टोकांना एसी व्होल्टमीटर लावायचा. खरखर ३ डेसिबलने, म्हणजे व्होल्टेज सुमारे १.४ पट, वाढेपर्यंत सिग्नल वाढवत जायचे. तो सिग्नल आणि रिसीव्हरला जेमतेम ऐकू येणारा सिग्नल यांतले अंतर म्हणजे त्याची रेसिप्रोकल मिक्सिंग डायनॅमिक रेंज. ५०० हर्ट्झच्या फिल्टरने मोजताना त्यात २७ मिळवले की फेज नॉइज मिळतो. अंतर १०० डेसिबल आले, तर नॉइज दर हर्ट्झला उणे १२७.

चिपचा काळ आणि भारत

स्थिरता आणि स्वच्छता यांच्यातला हा झगडा मिटवायला दोन वाटा निघाल्या. एक होती डीडीएसची. १९७१ मध्ये टिएर्नी, रेडर आणि गोल्ड यांनी दाखवले की साइन लाट थेट आकड्यांतून घडवता येते. १९९० च्या दशकात एडी९८५० सारख्या चिपने ती घरगुती बांधणीत आणली. १२५ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर ती ०.०३ हर्ट्झपेक्षा बारीक पायरी घेते. तिचा मूळ नॉइज कमी, पण आकड्यांची लाट करणारा डीएसी दहा बिटांचा असल्याने डायलवर कुठेही भुताटकीसारखे खोटे सिग्नल उमटतात. दुसरी वाट सिलिकॉन लॅब्सच्या एसआय५३५१ सारख्या चिपची. आत ६०० ते ९०० मेगाहर्ट्झवर ऑसिलेटर चालवायचा आणि हव्या त्या आकड्याने भागायचा. भागाकार गुणाकाराच्या उलट वागतो : ७०० मेगाहर्ट्झला शंभरने भागून सात केले की नॉइज ४० डेसिबलने उतरतो. एवढ्या स्वस्त चिपकडून मिळणारा सिग्नल साध्या सेटला पुरतो, पण उत्तम क्रिस्टलची किंवा चांगल्या व्हीएफओची सर त्याला येत नाही.

भारताचा धागा इथे ठळक होतो. हैदराबादचे अशहर फरहान, कॉलसाइन ‘व्हीयू टू ईएसई’, यांनी ‘बिटएक्स’ हा ट्रान्सीव्हर आपल्याकडे सहज मिळणाऱ्या भागांतून बांधता यावा अशा बेताने रचला. आयात केलेले टोरॉइड मिळवणे जिकिरीचे होते, म्हणून नळाच्या वॉशरवर तार गुंडाळायची युक्ती त्यांनी सुचवली. तो सेट जगभर बांधला गेला. लॅमिंग्टन रोडवर ट्रान्झिस्टर, क्रिस्टल आणि गँग शोधत फिरणाऱ्या मुंबईकर हॅमला तो आपलासा वाटला, यात नवल नाही. मूळ बिटएक्समध्ये हाताने फिरणारा कॉइलचा व्हीएफओ होता. त्याच घराण्यातल्या मायक्रोबिटएक्समध्ये एसआय५३५१ आली, ४५ मेगाहर्ट्झचा पहिला आयएफ, म्हणजे मधली फ्रिक्वेन्सी, आला आणि एका सेटमध्ये सगळे बँड आले. व्हॉल्व्हपासून चिपपर्यंत जगाने जो सौदा केला, तो या एका घराण्यात दोन पिढ्यांत पाहायला मिळतो.

आता सौद्याचे पुढचे पान उलटले आहे. २०१६ मध्ये आलेल्या आयकॉमच्या आयसी-७३०० सारख्या सेटमध्ये अँटेनाचा सिग्नल थेट आकड्यांत बदलतो. फ्रिक्वेन्सी निवडणे हे गणिताचे काम झाले आणि गणितातल्या ऑसिलेटरला ड्रिफ्ट नाही. मात्र कोणत्या क्षणी नमुना घ्यायचा, हे एक घड्याळ ठरवते आणि त्याचा फेज नॉइज हा आता सेटचा नॉइज आहे. उदाहरणार्थ, १२२.८८ मेगाहर्ट्झच्या घड्याळाने सात मेगाहर्ट्झ ऐकताना तो सुमारे २५ डेसिबलने कमी दिसतो, म्हणून खालच्या बँडवर असे सेट स्वच्छ वाटतात. आणि हे घड्याळ असते एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारा क्वार्ट्झ ऑसिलेटर. कॅडीच्या क्रिस्टलची उणीव होती ती हीच की तो फिरत नाही. फिरण्याचे काम गणिताने उचलल्यावर ती उणीव उरली नाही.

सेट घेताना किंवा बांधताना काय विचारायचे, ते या मागोव्यातून निघते. ऐकण्यासाठी सेट निवडत असाल, तर डायल किती बारीक सरकतो यापेक्षा दोन आणि वीस किलोहर्ट्झवरची रेसिप्रोकल मिक्सिंगची रेंज पाहा. व्हीएफओ बांधत असाल, तर क्यूला जपा, ऑसिलेटरला पुरेशी शक्ती द्या, गुणाकार टाळा आणि भागाकार वापरा. चिप वापरत असाल, तर तिच्या पुरवठ्याला स्वतंत्र, शांत रेग्युलेटर द्या, कारण पुरवठ्यातला नॉइज तिच्या रेघेवर उमटतो.

प्रक्षेपणाच्या बाजूला जबाबदारी अधिक मोठी आहे. रिसीव्हरचा नॉइज आपला आपल्याला भोवतो. ट्रान्समीटरचा नॉइज दुसऱ्याच्या फिल्टरमध्ये थेट शिरतो आणि तो दुसरा माणूस जगातला सर्वांत महाग रिसीव्हर विकत घेऊनही त्या नॉइजला बाहेर काढू शकत नाही. एका गच्चीवर दोन स्टेशने चालवणाऱ्या क्लबला किंवा एकाच वस्तीत राहणाऱ्या दोन हॅमना हे सांगावे लागत नाही. परवाना आपल्याला फ्रिक्वेन्सी देतो ती वापरायला, शेजारची गढूळ करायला नाही. ट्रान्सीव्हरमध्ये ऐकायला आणि बोलायला बहुधा तोच ऑसिलेटर असतो, म्हणून रिसीव्हर मोजला की ट्रान्समीटरचाही अंदाज येतो. म्हणूनच आरएसटीतल्या टोनला सवयीने नऊ देऊन पुढे जाणाऱ्या आपल्या क्लबांनी, बॅटरीवरचा क्रिस्टल ऑसिलेटर आणि व्होल्टमीटर घेऊन प्रत्येक नव्या सदस्याला त्याचा सेट एकदा मोजायला लावावा. हौशी लोकांनी प्रत्येक पिढीत शुद्धता मिळवली, ती कोणीतरी मोजून दाखवल्यावरच.